बिल्ट-इन नावांशी टक्कर: 'लिस्ट'ला लिस्ट नाव दिलं आणि सगळं बोंबललं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना दर वेळी तेच प्रश्न येतात, फक्त विचारणारे बदलतात, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. बिल्ट-इन म्हणजे भाषेत आधीपासून तयार असलेली नावं; तीच आपण आपल्या व्हेरिएबलला दिली की जो गोंधळ होतो त्याबद्दल हे सगळं. जास्त करून पायथॉनबद्दल आहे, पण बाकीच्या भाषांतही हीच भानगड असते, तीही शेवटी शेवटी घेतलीये. कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिलेत, एडिटरमध्ये अर्थातच नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायचे.

'लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल' असा एरर येतोय. लिस्ट तर पायथॉनचंच फंक्शन आहे ना?

होतं. तुम्ही वर कुठेतरी असं काहीतरी लिहिलंय बघा:

लिस्ट = [45, 62, 71]

आणि मग वीसेक ओळी खाली लिस्ट("पुणे") करून अक्षरं सुटी करायला गेलात. पायथॉनच्या दृष्टीने आता 'लिस्ट' म्हणजे ते तीन आकडे. त्यांच्यापुढे कंस लावून त्यांना फंक्शनसारखं चालवा म्हटलं की तो म्हणतो ही वस्तू 'कॉल' करता येत नाही, आणि खरंच येत नाही. एरर एकदम बरोबर आहे, फक्त तो बोट दाखवतो खालच्या ओळीकडे आणि चूक झालेली असते वर, म्हणून माणूस अर्धा तास त्या बिचाऱ्या खालच्या ओळीचे कंस मोजत बसतो.

एररच्या पहिल्या शब्दावरून चोर कळतो. 'इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल' आलं की शंभरातल्या नव्वद वेळा कुणीतरी सम = 0 लिहून लूपमध्ये बेरीज केलेली असते आणि नंतर सम() वापरायला गेलेलं असतं. 'स्ट्र ऑब्जेक्ट' आलं तर स्ट्र, इनपुट किंवा टाइप या नावात कुणीतरी मजकूर भरलाय. हे नव्वद वगैरे माझं अंदाजपंचे हां, मोजलेलं नाही.

मग पायथॉन आधीच अडवत का नाही? इफ = 5 लिहिलं तर लगेच ओरडतो की.

कारण इफ, फॉर, क्लास हे कीवर्ड आहेत, म्हणजे भाषेचं व्याकरणच, त्यांना हात लावता येत नाही. पायथॉन 3.12 मध्ये असे 35 कीवर्ड आहेत. लिस्ट, सम, मॅक्स, प्रिंट ही मात्र साधी नावं आहेत, फक्त प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी तयार करून ठेवलेली. अशी बिल्ट-इन फंक्शन्स सत्तरच्या आसपास भरतात. तुम्ही प्रिंट = 5 लिहा, पायथॉन 3 हूं की चूं करणार नाही. पायथॉन 2 मध्ये प्रिंट हे फंक्शन नव्हतं, स्टेटमेंट होतं, त्यामुळे तिथे हे चालायचं नाही; उलट तिथे ट्रू = फॉल्स असं लिहिलेलं चालायचं! पायथॉन 3 मध्ये ट्रू-फॉल्स कीवर्ड झाले आणि ती मजा गेली.

हा काही आळशीपणा नाहीये. सम() हे फंक्शन पायथॉनमध्ये आलं 2.3 व्हर्जनला, 2003 साली. त्याआधी लिहिलेल्या किती प्रोग्राममध्ये सम नावाचं व्हेरिएबल असेल विचार करा. बिल्ट-इन नावं राखीव असती तर व्हर्जन अपडेट केल्याच्या दिवशी ते सगळे प्रोग्राम झोपले असते. गो भाषेत ऑगस्ट 2023 च्या 1.21 व्हर्जनला मिन, मॅक्स आणि क्लिअर बिल्ट-इन म्हणून आले, आणि तोवर अर्ध्या गो प्रोग्रामरांनी स्वतःचं मिन फंक्शन लिहून ठेवलेलं होतं, तरी कुणाचं काही मोडलं नाही, कारण तिथेही तुमचं नाव आधी आणि भाषेचं नंतर. म्हणजे जी सोय तुम्हाला रात्री छळते तीच पुढे तुमचा जुना कोड वाचवते.

नाव शोधायची नेमकी ऑर्डर काय असते?

आधी फंक्शनच्या आत, मग ते फंक्शन ज्या बाहेरच्या फंक्शनच्या पोटात आहे तिथे, मग पूर्ण फाइलमध्ये, आणि सगळ्यात शेवटी बिल्ट-इन. घरात 'पिंट्या' अशी हाक मारली की घरातलाच पिंट्या ओ देतो, कोपऱ्यावरचा पिंट्या कितीही प्रसिद्ध असला तरी. कोपऱ्यावरचा कुठे गेलेला नसतो, फक्त हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. खरी लिस्टसुद्धा 'बिल्टिन्स' नावाच्या मॉड्यूलमध्ये सुखरूप असते, इम्पोर्ट बिल्टिन्स करून बिल्टिन्स.लिस्ट म्हटलं की हजर.

मी ती चुकीची ओळ काढून टाकली तरी तोच एरर येतोय!

ज्युपिटर किंवा कोलॅब, म्हणजे 'सेल' नावाच्या तुकड्यांत कोड चालवायची नोटबुक, वापरताय ना? मग येणारच.

एकदा रात्री अकराच्या पुढे एका पोराचा फोन, दुसऱ्या दिवशी सबमिशन. स्क्रीन शेअर केली, सगळी नोटबुक वरून खाली वाचली, कुठेही सम = लिहिलेलं नाही, आणि तरीही सम(गुण) म्हटलं की 'इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल'. मीही चक्रावलो. इम्पोर्ट बघितले, स्पेलिंग बघितलं, मधे त्याची आई येऊन झोपा आता म्हणून गेली. मग माझं लक्ष सेलच्या बाजूच्या कंसातल्या आकड्यांकडे गेलं. 3, 4, 7, 8. म्हटलं अरे 5 आणि 6 कुठेत? म्हणे, 'ते मी डिलीट केले सर, तेच चुकले होते.' झालं. सेल गेला, पण सेल चालवल्यावर मेमरीत बसलेलं सम काही गेलं नाही. नोटबुकमध्ये तुम्हाला दिसतो तो कागद, आणि खरं काम करतो तो मागे बसलेला कर्नल, त्याला तुम्ही कागद फाडलात हे कळतच नाही.

उपाय दोन. एक, डेल सम असं चालवा, तुमचं सम पुसलं जातं आणि मागचं बिल्ट-इन परत दिसायला लागतं. हे एकदाच चालवायचं, दुसऱ्यांदा चालवलंत तर 'सम इज नॉट डिफाइन्ड' असा नवीन एरर येईल आणि वाटेल की आता खरंच सम मारून टाकलं. तसं नसतं, पुसायला तुमचं काही उरलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. दोन, कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली पुन्हा चालवा. मी तर सबमिशनच्या आधी हे कराच म्हणतो, एरर असो नसो.

फंक्शनच्या आत लिस्ट = लिस्ट(नावं) केलं तर भलताच एरर येतो. बाहेर तर हीच ओळ चालते!

हा प्रश्न ज्याने विचारला त्याला मी चहा पाजला होता. बाहेर ही ओळ पहिल्यांदा चालते: उजवीकडची लिस्ट अजून बिल्ट-इन आहे, तिचं काम होतं, मग डावीकडे नाव बदललं जातं. दुसऱ्यांदा तीच ओळ चालवा, 'नॉट कॉलेबल' येईल. फंक्शनच्या आत मात्र पहिल्यांदाच आपटते, 'अनबाउंड लोकल एरर'. कारण फंक्शनमध्ये कुठेही, अगदी शेवटच्या ओळीला जरी, लिस्ट = असं असेल तरी पायथॉन आधीच ठरवून टाकतो की या पूर्ण फंक्शनपुरती लिस्ट लोकल आहे. मग उजवीकडची लिस्ट शोधताना तो बाहेर जातच नाही, लोकलमध्ये बघतो, तिथे अजून काही ठेवलेलंच नाही. ओळीचा क्रम बघून नाही, अख्खं फंक्शन एकदा बघून हा निर्णय होतो, एवढं लक्षात राहिलं की बरेच गोंधळ सुटतात.

मी व्हेरिएबलला काहीच चुकीचं नाव दिलेलं नाही, फक्त कुठलाही आकडा काढून देणारं रँडम मॉड्यूल वापरतोय, तरी 'रँडम'मध्ये 'रँडइंट' नाही म्हणतोय.

फाइलचं नाव काय ठेवलंय? रँडम डॉट पाय, बरोबर?

हे सगळ्यात सज्जन पोरांचं होतं, कारण ती प्रॅक्टिसच्या फायलींना नीट विषयावरून नावं देतात. रँडम शिकतोय, रँडम डॉट पाय. सीएसव्ही शिकतोय, सीएसव्ही डॉट पाय. ईमेल पाठवायचाय, ईमेल डॉट पाय. टर्टल शिकवलं की अख्ख्या वर्गाचं टर्टल डॉट पाय. आता स्क्रिप्ट चालवली की पायथॉन मॉड्यूल शोधताना त्या स्क्रिप्टचं फोल्डर सगळ्यात आधी बघतो, स्टँडर्ड लायब्ररी नंतर. तिथे रँडम सापडतं, म्हणजे तुमचीच फाइल, ती स्वतःलाच इम्पोर्ट करते, आणि तिच्यात रँडइंट कुठून असणार. एररमध्ये 'पार्शली इनिशियलाइज्ड' आणि 'सर्क्युलर इम्पोर्ट' असे शब्द दिसले की सरळ फाइलचं नाव बघा. 3.13 पासून पायथॉन स्वतःच सांगतो की तुमच्या फाइलचं आणि स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलचं नाव सारखं आहे, नाव बदला. आधीच्या व्हर्जनवाल्यांनी आमच्यासारखं रडत शिकायचं.

आणि त्याच फोल्डरमधली दुसरी कुठलीही स्क्रिप्ट, जिचा रँडमशी थेट संबंधही नाही, तीही पडू शकते, कारण ती जी लायब्ररी वापरते ती आतून रँडम इम्पोर्ट करत असते. ईमेल डॉट पायचं हे फार होतं. नाव बदललं की विषय संपला. पायकॅशचं फोल्डर (पायथॉन आधी वाचलेल्या फायली तयार रूपात ठेवतो ते) पण उडवा असा सल्ला मिळतो, पण त्याची गरज नाही, मूळ फाइल नसेल तर त्या फोल्डरमधली फाइल इम्पोर्टच होत नाही.

स्टार इम्पोर्ट का करू नका म्हणता? सगळीकडे तर तसंच शिकवतात.

कारण स्टार म्हणजे त्या मॉड्यूलमधली सगळी नावं एका झटक्यात आत, त्यात नाव बदलल्याची ओळच दिसत नाही. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं उदाहरण करून बघा. साध्या पायथॉनमध्ये

सम(रेंज(5), -1)

याचं उत्तर 9. फ्रॉम नमपाय इम्पोर्ट स्टार केल्यावर तीच ओळ 10 देते. एरर नाही, वॉर्निंग नाही. पायथॉनच्या सममध्ये दुसरा आकडा म्हणजे बेरीज कुठून सुरू करायची, 0+1+2+3+4 म्हणजे 10, त्यात -1. नमपायच्या सममध्ये दुसरा आकडा म्हणजे कुठल्या अक्षावर बेरीज करायची, त्यात वजाबाकी होतच नाही. हे असं एखाद्या पगाराच्या हिशोबात घुसलं तर कोण शोधणार?

फ्रॉम ओएस इम्पोर्ट स्टार केलं की फाइल उघडायचं ओपन बदलतं आणि तो 'फ्लॅग्ज' मागायला लागतो. मॅथमधून स्टार केलं की पॉव बदलतं: मूळचं पॉव(2, 10, 1000) तिसरा आकडा घेऊन 24 देतं, मॅथवालं तिसरा आकडा घेतच नाही. आणि डेटा इंजिनिअरिंगवाल्यांचं लाडकं, पायस्पार्कच्या एसक्यूएल फंक्शन्सचं स्टार इम्पोर्ट: सम, मिन, मॅक्स, राउंड, एबीएस सगळी एका ओळीत गेली. मग साध्या लिस्टवर सम करायला गेलात की हातभर लांब एरर. तिथे फंक्शन्स ॲज कॅपिटल एफ असं इम्पोर्ट करायची पद्धत आहे, एफ.सम लिहा, एवढ्यात काय झिजतं.

फंक्शनच्या पॅरामीटरला आयडी, टाइप, फॉरमॅट अशी नावं दिली तर?

इथे लोक उगाच सोवळं पाळतात असं माझं मत. चार ओळींचं फंक्शन आहे, त्यात आयडी घेतलाय, बिल्ट-इन आयडी() तिथे कुणालाच लागणार नाही, तर राहू द्या की. ग्राहक_आयडी लिहिलंत तर जास्त चांगलं, पण त्यावरून कोड रिव्ह्यूमध्ये महाभारत नको. लिस्ट, स्ट्र, डिक्ट, सम, मॅक्स, इनपुट या मात्र रोज लागणाऱ्या गोष्टी, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अगदीच तेच नाव हवं असेल तर मागे अंडरस्कोअर लावतात, लिस्ट_, क्लास_ असं. मला ते दिसायला आवडत नाही, पण पद्धत सर्वमान्य आहे.

क्लासमध्ये लिस्ट नावाची मेथड चालते, तिला सेल्फ.लिस्ट असं बोलवावं लागतं त्यामुळे भांडण होत नाही. फक्त त्याच क्लासमध्ये तिच्या खाली टाइप हिंट म्हणून लिस्ट[इंट] लिहिलंत तर ती हिंट मेथडला जाऊन चिकटते आणि पायथॉन 3.13 पर्यंत तरी 'फंक्शन इज नॉट सबस्क्रिप्टेबल' येतं.

मराठीत नावं दिली तर हा सगळा त्रासच वाचेल ना?

बऱ्यापैकी! यादी, बेरीज, गुण, एकूण ही नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केलीत तर कुणाशीच टक्कर नाही आणि मी स्वतः शिकवताना हेच वापरतो. पण गाफील राहू नका. शिंप्याच्या दुकानाचा प्रोग्राम लिहिताना एकीने 'माप' टाइप केलं, स्पेलिंग एम-ए-पी, म्हणजे झालं की मॅप. नात्यांचा प्रोग्राम लिहीत असाल तर 'दीर' म्हणजे डी-आय-आर, तेही पायथॉनचं बिल्ट-इन. सणांच्या यादीत 'ईद' दोन अक्षरांत लिहिलंत तर आयडी. आणि जावास्क्रिप्टमध्ये सोमवार-मंगळवारचा 'वार' व्ही-ए-आर असा लिहिलात तर तो थेट कीवर्डच, प्रोग्राम सुरूसुद्धा होणार नाही. सासरच्या माणसांना सांभाळून घ्यावं ते असं.

थेट देवनागरीत पण नावं देता येतात, पायथॉन 3 मध्ये यादी = [1, 2, 3] अक्षरशः असं लिहिलेलं चालतं. फक्त 'तिसऱ्या'मधला तो अर्धा र काही कीबोर्ड एक अदृश्य जोडअक्षर टाकून बनवतात, ते पायथॉनला नावात चालत नाही, आणि स्क्रीनवर काहीच चुकलेलं दिसत नाही. शोधा मग. इंट("४५") केलं तर मात्र 45 मिळतात, हे बघून वर्गात टाळ्या पडतात.

सी++ मध्ये वाय1 नावाला कंपायलर नाही का म्हणतो?

आयताचे कोपरे: एक्स1, वाय1, एक्स2, वाय2. ग्लोबल घेतले. एक्स1 चालतो, वाय2 चालतो, वाय1 वर मात्र एरर! कारण गणिताच्या हेडरमध्ये वाय1 नावाचं फंक्शन आधीच आहे, बेसेल फंक्शनच्या दुसऱ्या प्रकारातलं. वाय0 आणि जे1 ही नावंही तिथे अशीच आधी घेतलेली आहेत. कॉन्टेस्टमध्ये हे पहिल्यांदा घडलं की माणूस देवाचं नाव घेतो. व्हेरिएबल मेनच्या आत घ्या, मिटलं. काउंट, नेक्स्ट, लेफ्ट, डिस्टन्स ही ग्लोबल नावं 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' या ओळीमुळे (ती स्टँडर्ड लायब्ररीची नावं थेट आत आणते) 'ॲम्बिग्युअस' होतात, आणि सी++17 मध्ये डेटा आणि साइज पण त्यात सामील झाले, म्हणून मित्राकडे चाललेला कोड तुमच्याकडे अडतो.

जावास्क्रिप्टमध्ये वेबपेजवर केलेल्या माझ्या कॅल्क्युलेटरचं क्लिअर बटण काहीच करत नाही, एररही नाही.

फंक्शनचं नाव क्लिअर आणि एचटीएमएलमध्येच ऑनक्लिक="क्लिअर()" असं लिहिलंय ना. तिथे ब्राउझर आधी त्या बटणाच्या, मग डॉक्युमेंटच्या घरात नाव शोधतो, आणि डॉक्युमेंटचं स्वतःचं जुनाट क्लिअर आहे जे आता काहीही करत नाही. तेच चालतं, इमानदारीत काहीही करत नाही. नाव बदलून पुसा_सगळं वगैरे ठेवा. दुसरं, बाहेर व्हार नेम = 5 लिहून नेम + 1 केलं तर 6 नाही, '51' येतं, कारण ग्लोबल नेम हे विंडोचं आहे आणि ते काहीही दिलं तरी मजकूरच करून ठेवतं.

उलटी टक्कर पण होते बरं का. 2018 मध्ये जावास्क्रिप्टला ॲरे सपाट करायला 'फ्लॅटन' हे बिल्ट-इन द्यायचं होतं, पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने ॲरेवर याच नावाचं स्वतःचं फंक्शन टाकून ठेवलेलं, त्यामुळे जुन्या साइट मोडायला लागल्या. मग कुणीतरी गमतीत 'स्मूश' नाव सुचवलं, त्यावर बरीच बोंबाबोंब झाली आणि शेवटी 'फ्लॅट' ठरलं. म्हणजे भाषेनेच माघार घेतली.

मायएसक्यूएल (डेटाबेस) अपडेट केलं आणि रिझल्टची क्वेरी बंद पडली. टेबलात नाव, गुण आणि रँक एवढेच कॉलम आहेत.

8.0 मध्ये रँक हे विंडो फंक्शन आलं आणि शब्द राखीव झाला. बॅकटिकमध्ये (`) टाका नाहीतर टेबलाचं नाव आणि टिंब लावून लिहा, पण जमत असेल तर कॉलमलाच 'क्रमांक' करून टाका. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये कॉलमला युझर नाव असेल तर आणखी गंमत: कोट न करता सिलेक्ट युझर केलं तर एरर नाही येत, प्रत्येक ओळीत तुम्ही ज्या नावाने लॉगिन केलंय तेच नाव येतं.

आर भाषेत सी = 5 केलं तरी सी(1, 2) चालतं, ते कसं?

आर शहाणी आहे, कंस दिसला की ती फंक्शन नसलेली नावं ओलांडून पुढे शोधते. पण डीएफ नावाचं टेबल बनवायला विसरलात आणि डीएफमधला कॉलम मागितलात तर 'क्लोजर इज नॉट सबसेटेबल' येतं, कारण डीएफ नावाचं फंक्शन तिच्याकडे आधीच आहे.

हे आधीच पकडायला काही टूल?

पायलिंट या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये 'रीडिफाइन्ड बिल्ट-इन' ही सूचना आपोआप चालू असते. रफ हे तसंच दुसरं टूल वापरत असाल तर 'ए'ने सुरू होणारे नियम स्वतः चालू करावे लागतात, त्यात ए001 व्हेरिएबलसाठी आणि ए005 फाइलच्या नावासाठी. नाहीतर फुकटचा उपाय म्हणजे एडिटरचा रंग: नाव टाइप करताना ते नेहमीच्या व्हेरिएबलपेक्षा वेगळ्या रंगात दिसलं तर हात थांबवा. त्या सबमिशनवाल्या पोराला मी हेच सांगितलं होतं, तर म्हणाला, 'सर, मला वाटलं चांगलं नाव आहे म्हणून रंग आला.'